कॅशलेस आहे का?

भाऊबिजेला सगळी मंडळी आमच्याकडे जमली होती. जेवणं झाली, बासुंदीचा शेवटचा वाडगा कोणी संपवायचा यावर एकमत झालं आणि मग नेहमीप्रमाणे वादाला तोंड फुटलं. विषय होता बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं, बाबा ठणठणीत आहेत, परवा पर्वतीसुद्धा चढून आले (डॉक्टरांना सांगू नका). वाद होता तो बिलावरून. एका बाजूला माझा डॉक्टर आतेभाऊ, दुसऱ्या बाजूला सामाजिक संस्थेत काम करणारी मामेबहीण आणि मध्ये मी. मी दोघांनाही चूक म्हटल्यामुळे दोघंही माझ्यावर उखडले. साडेदहाला पोरं पेंगायला लागली म्हणून वाद अर्धवट राहिला. तो इथे पूर्ण करतो. इथे मला मध्येच कोणी तोडू शकत नाही, हा ब्लॉगचा सगळ्यात मोठा फायदा. :-)

तर झालं असं. बाबांना हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल, घाई नाही पण फार लांबवू नका, असं सर्जनने सांगितलं. म्हणून मी एका मोठ्या रुग्णालयात चौकशीला गेलो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारायच्या आधी विचारलं, "कॅशलेस आहे का?" मी म्हटलं, आधी खर्च किती येईल ते सांगा. ती म्हणाली, "सर, ते पॉलिसीवर आहे." मी म्हटलं, समजा पॉलिसीच नाही. ती आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, सव्वा लाखापर्यंत. आणि पाच लाखांची पॉलिसी असेल तर? मग एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास, रूमप्रमाणे थोडं कमीजास्त.

तोच हर्निया, तेच पोट, तीच जाळी. फरक फक्त पैसे कोणाच्या खिशातून येणार एवढाच.

गंमत पुढे आहे. तोच सर्जन आठवड्यातून दोन दिवस पेठेतल्या एका वीस खाटांच्या छोट्या रुग्णालयात ऑपरेशनं करतो. तिथे गेलो तर त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं: दुर्बिणीतून ऑपरेशन, भूल, जाळी, दोन दिवस राहणं, औषधं, सगळं मिळून सत्तर हजार.

मी घरी येऊन मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. बाबा म्हणजे मेथीच्या जुडीवर दोन रुपये सोडवण्यासाठी मंडईच्या तीन फेऱ्या मारणारा माणूस. ते म्हणाले, "अरे पण आपल्याला कुठे भरायचेत? विमा कंपनी देणार ना? मग चांगल्या ठिकाणीच जाऊ." आणि आम्ही गेलो. बिल झालं एक लाख चौऱ्याण्णव हजार. विमा कंपनीने एक लाख एक्काहत्तर हजार मंजूर केले. उरलेले तेवीस हजार हातमोजे, टोप्या आणि तत्सम 'नॉन-मेडिकल' गोष्टींसाठी आम्ही भरले. पुढच्या नूतनीकरणाला हप्ता वाढून आला तेव्हा बाबांनी विमा कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या.

आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, त्यातली बायजी म्हणजे आम्हीच. आणि आयजीही आम्हीच, हे हप्ता वाढल्यावर कळलं.

आतेभावाचं म्हणणं असं की रुग्णालयाचे खर्च वाढलेत, यंत्रं महाग आहेत, त्यामुळे बिल वाढणारच. मामेबहिणीचं म्हणणं असं की आरोग्य हा बाजाराचा विषयच नाही. सगळे दर सरकारने ठरवून द्यावेत, नाहीतर रुग्णालयंच सरकारने चालवावीत. "बघितलंस ना तुझ्या बाजाराने काय केलं?" असं ती मला म्हणाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की यात बाजार कुठे आहे ते मला दाखव. ज्या दुकानात भाव विचारल्यावर आधी तुमच्याकडे कोणाचं पाकीट आहे ते विचारतात, त्याला बाजार म्हणत नाहीत. मंडईत असं कोणी करून दाखवावं!

मेडिक्लेम आपल्याकडे १९८६ साली सुरू झालं. विम्याची कल्पना मुळात फार चांगली आहे. क्वचित येणारं, पण आलं तर कुटुंबाला आडवं करणारं संकट हजारो लोकांनी मिळून वाटून घ्यायचं. पीकविमा गारपिटीसाठी असतो, त्यातून कोणी बियाणं आणि खत आणत नाही. पण आरोग्यविम्यातून आता आपल्याला चष्म्यापासून रक्त तपासणीपर्यंत सगळं हवंय. देणारा तिसरा असला की घेणारा विचारत नाही, विकणारा सांगत नाही आणि दोघंही खूश. हे मी आज शोधून काढलेलं नाही. जुलै २०१० मध्ये सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनी मुंबई-दिल्लीतल्या कितीतरी मोठ्या रुग्णालयांतली कॅशलेस सोय बंद केली होती, आठवतंय? कार्ड दिसलं की बिल फुगतं, हीच त्यांची तक्रार होती.

हे शेवटपर्यंत नेलं तर काय होतं ते पाहायचं असेल तर अमेरिका बघा. (न्यू जर्सीतली आमची चुलतबहीण हे वाचत असेल तर तिने मान डोलावावी.) लोक अमेरिकेला मुक्त बाजाराचं उदाहरण म्हणून दाखवतात तेव्हा मला हसू येतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथल्या सरकारने पगार गोठवले, पण विम्यासारख्या सोयींना त्यातून सूट दिली. पगार वाढवता येत नाही म्हणून कंपन्या विमा देऊ लागल्या. पुढे १९५४ च्या करकायद्याने कंपनीने दिलेला हा विमा करमुक्त असल्याचं पक्कं झालं. म्हणजे शंभर डॉलर पगारात घेतले तर कर, विम्यात घेतले तर नाही. मग कोण खिशातून देईल? १९६० साली अमेरिकेत आरोग्यावरच्या खर्चाचा जवळजवळ अर्धा भाग लोक स्वतः देत होते. आज तो दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. आणि एकूण खर्च १९६० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के होता, तो २०२३ मध्ये १७.६ टक्के झाला. सगळी वाढ यामुळेच झाली असं मी म्हणत नाही. नवी औषधं आली, माणसं जास्त जगू लागली. पण भाव विचारणाराच उरला नाही, हे त्यातलं एक मोठं कारण आहे.

त्याच देशात ओक्लाहोमा शहरात सर्जरी सेंटर ऑफ ओक्लाहोमा नावाची जागा आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी सुरू केलेली. २००९ पासून ते आपल्या ऑपरेशनांचे संपूर्ण भाव, सर्जन-भूल-खाट सगळं धरून, संकेतस्थळावर लावतात. देशातल्या बाकीच्या रुग्णालयांनी भाव उघड करावेत यासाठी सरकारला नियम करावा लागला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. या मंडळींनी तो बारा वर्षं आधी आपणहून पाळला, कारण त्यांच्याकडे येणारे लोक स्वतःच्या खिशातून पैसे देणारे होते आणि त्यांना भाव हवा होता.

आता घरचं उदाहरण देतो. मोतीबिंदू. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मदुराईत ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. त्या काळात मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगाचा चष्मा यायचा, आमच्या आजीला होता तसा. डोळ्यात बसवायचं कृत्रिम भिंग परदेशातून यायचं आणि त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असायची. सरकारने त्यावर कमाल किंमत लावली नाही. अरविंदच्या लोकांनी १९९२ साली ऑरोलॅब नावाचा स्वतःचा कारखाना काढला आणि तेच भिंग दहा डॉलरच्या घरात आणून ठेवलं. अरविंद ही कंपनी नाही, न्यास आहे, आणि अंधत्व निवारणाला सरकारचंही साहाय्य असतं, हे मला मान्य आहे. पण तिथलं तंत्र बघा. पैसे देऊ शकणारा पेशंट स्वतः निवडून येतो, भाव आधी ठाऊक असतो, आणि त्याने दिलेल्या पैशांतून न देऊ शकणाऱ्याचंही ऑपरेशन होतं. कोणाच्या पाकिटाकडे बघून डोळ्याची किंमत बदलत नाही. साधी खोली हवी की वातानुकूलित, साधं भिंग हवं की भारी, यावर बदलते, आणि ते पेशंट ठरवतो.

चष्मा घालवायचं लेसिक घ्या. त्याला विमा सहसा मिळत नाही. म्हणून लोक चार ठिकाणी फोन करून भाव विचारतात आणि फोनवर उत्तर मिळतं. दाताचं रूट कॅनाल घ्या. डेंटिस्ट खुर्चीत बसवायच्या आधी सांगतो, अमुक कॅप बसवली तर इतके, तमुक बसवली तर तितके. कोपऱ्यावरचे आपले फॅमिली डॉक्टर घ्या. दोन-तीनशे रुपयांत तपासतात. सगळीकडे तोच देश, तेच कायदे, तशीच माणसं.

इथे मामेबहिणीने मला बरोबर कोंडीत पकडलं होतं. ती म्हणाली, भारतात तर लोक खिशातूनच देतात, मग रुग्णालयं स्वस्त का नाहीत? प्रश्न चांगला आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. तरीही तो मोठाच आहे. मग बाजार का चालत नाही?

माझं उत्तर असं. खिशातून देणं पुरेसं नाही. देणाऱ्याला आधी भाव कळला पाहिजे आणि न पटल्यास उठून जाता आलं पाहिजे. आपल्याकडे ॲडमिट होईपर्यंत भाव कळत नाही आणि ॲडमिट झाल्यावर उठता येत नाही. बाहेर, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे, दोन्ही गोष्टी शक्य असतात. म्हणून बाहेर स्वस्त आणि आत महाग.

आत काय चालतं? रुग्णालयाच्या औषधांच्या दुकानातूनच औषधं घ्यायची. छापील किमतीला. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा सिरिंज, कॅन्युला वगैरे वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला. हे वाचून सगळ्यांनी "बघा नफेखोरी" म्हणून आरडाओरडा केला. पण हे घडतं कसं ते पाहा. सिरिंज बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक पेशंट नाहीच. त्याचं गिऱ्हाईक आहे रुग्णालय. आणि रुग्णालयाला हवी असते ती जास्त छापील किमतीची सिरिंज, म्हणजे मधला मलिदा मोठा. त्यामुळे कारखानदार स्पर्धा करतात ती किंमत जास्त छापण्याची. ज्या छापील किमतीचा कायदा गिऱ्हाइकाला वाचवायला केला, तीच किंमत लुटीचा परवाना झाली. हीच सिरिंज बाहेरच्या दुकानातून आणायची मुभा द्या आणि पंधरा दिवसांत बघा काय होतं ते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीचा आदेश न देता धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं.

आणि आमचं सरकार काय करतं? किंमत बांधून देतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयात बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत ठरवली: साधा ७,२६० रुपये, औषधवाला २९,६००. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची. खरं सांगतो, स्टेंटची बातमी आली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या. लाख-सव्वा लाखाचा स्टेंट तीस हजारांत येणार म्हटल्यावर कोण वाजवणार नाही? पण मग मी विचार करायला लागलो. पेशंट स्टेंट विकत घेत नाही, अँजिओप्लास्टी विकत घेतो. स्टेंटची ओळ आखडली तर खाटेची, कॅथलॅबची, फुग्याची, तपासणीची ओळ लांबवायला कोणी अडवलंय? फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडून फुगतो. शिवाय चांगला स्टेंट आणि बरा स्टेंट एकाच किमतीत बसवल्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट आपल्या बाजारातून मागे घ्यायची परवानगी मागितली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. रोग होता भाव लपवण्याचा आणि पेशंटला कोंडून ठेवण्याचा. औषध दिलं स्टेंटला.

आता दुसरा रोग. हा आतेभावासाठी आहे, त्याने जरा सावरून बसावं.

आमच्या आजोबांच्या गावी, कऱ्हाडजवळ, एक डॉक्टर होते. पदवी एलसीपीएस. म्हणजे एमबीबीएस नव्हे, त्याहून कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले. सायकलवरून चार गावं फिरायचे. बाळंतपणं केली, विंचू उतरवले, तुटलेले हात बांधले, आणि जे जमणार नाही ते मिरजेला पाठवलं. आपल्या मर्यादा त्यांना ठाऊक होत्या. १९४६ साली भोर समितीने शिफारस केली की देशात एकाच प्रकारचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर असावा, असे अर्धवट डॉक्टर नकोत. समितीतल्या काही सदस्यांनी तेव्हाच विरोध नोंदवला होता, की इतके पूर्ण डॉक्टर तुम्ही आणणार कुठून? त्यांचं कोणी ऐकलं नाही. एलसीपीएस बंद झालं. गावात पूर्ण डॉक्टर आला नाही आणि अर्धाही गेला. मग कोण आलं ते आपल्याला ठाऊक आहे: काहीही न शिकलेला, सलाइन लावणारा.

पुढे डॉक्टर किती तयार व्हावेत आणि कॉलेजला किती एकर जमीन हवी, हे सगळं एका परिषदेच्या हाती गेलं. त्या परिषदेच्या अध्यक्षांना एप्रिल २०१० मध्ये सीबीआयने लाचेच्या आरोपाखाली अटक केली. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये परिषद जाऊन आयोग आला. २०१४ मध्ये देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या, त्या आता दुपटीहून जास्त झाल्या आहेत, हे चांगलंच झालं. तरीही २०२४ साली त्यासाठी परीक्षेला बसले २३ लाखांहून अधिक. वीस जण दारात उभे आणि आत घ्यायचा एक. मग खाजगी कॉलेजची फी कोटीला पोचली तर नवल काय? आणि कोटी घालून डॉक्टर झालेला मुलगा ते वसूल कोणाकडून करणार?

२०१९ च्या कायद्यात कलम ३२ आलं. मर्यादित परवाना देऊन, मर्यादित औषधं लिहू शकणारे आरोग्यसेवक तयार करायचं. जवळजवळ एलसीपीएसच. डॉक्टरांच्या संघटना संपावर गेल्या. कारण काय, तर रुग्णांचा जीव धोक्यात येईल. मी आतेभावाला विचारलं, "ज्या गावात तू जाणार नाहीस, त्या गावात दुसऱ्या कोणी जाऊ नये, याला रुग्णाची काळजी म्हणायचं का?" त्याने बासुंदी बाजूला ठेवली. इथून पुढे वाद जरा चिघळला. :-)

आणखी एक गंमत. २००२ चे नीतिनियम डॉक्टरला सांगतात की फी दवाखान्यात लिहून ठेव. पण तेच नियम सांगतात की जाहिरात करू नकोस. म्हणजे 'माझ्याकडे हेच ऑपरेशन सत्तर हजारांत होतं' हे पेठेतल्या छोट्या डॉक्टरने ओरडून सांगायचं नाही, आणि मोठ्या रुग्णालयाचं होर्डिंग मात्र चौकाचौकात हसत उभं. नियम केला होता डॉक्टरी पेशाची शान राखायला. फायदा कोणाला झाला ते तुम्हीच ठरवा.

आता आक्षेप. पहिला: छातीत कळ आलेला माणूस चार ठिकाणी भाव विचारत फिरणार का? नाही फिरणार. केनेथ ॲरो या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की आजारपण अनिश्चित असतं आणि डॉक्टरला जे कळतं ते पेशंटला कळत नाही, म्हणून हा बाजार बटाट्यासारखा चालत नाही. मान्य. अशाच प्रसंगासाठी विमा हवा, आणि भरभक्कम हवा. पण हर्निया, मोतीबिंदू, गुडघे, पित्ताशयातले खडे, नियोजित बाळंतपण, सोनोग्राफी, रक्तदाबाच्या गोळ्या, यातलं काय रात्री दोनला अचानक येतं? यासाठी भाव विचारायला वेळ असतो. आणि जिथे शंभर माणसं सावकाश भाव विचारून येतात, तिथे घाईत आलेल्या एकशेएकाव्या माणसालाही लुबाडणं अवघड जातं.

दुसरा: गरिबाचं काय? हा खरा प्रश्न आहे आणि तो बाजारावर सोडून द्या असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याचा क्षय मला होऊ शकतो. लसीकरण, पाणी, डास हे सरकारचंच काम आहे. मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला, तो कोणत्याही रुग्णालयाच्या पॅकेजमुळे नव्हे. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे पैसे सरकारने जरूर द्यावेत. पण पैसे द्यावेत, भाव ठरवू नये. आपल्याकडे २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली, महाराष्ट्रात त्याआधीपासून जीवनदायी होती, तिचं २०१७ मध्ये महात्मा फुले योजना नाव झालं. कल्पना चांगली. पण प्रत्येक ऑपरेशनचा दर मंत्रालयात बसून ठरवायचा आणि ते पैसेही वेळेवर द्यायचे नाहीत, अशी रुग्णालयांची तक्रार असते. मग कार्ड घेऊन आलेल्या माणसाला "खाट शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. कार्ड आहे, पण पत नाही.

सिंगापूरने जरा वेगळं केलं. १९८४ पासून पगारातला ठरावीक भाग प्रत्येकाच्या स्वतःच्या मेडिसेव्ह खात्यात जातो. १९९० पासून मोठ्या आजारासाठी वेगळा विमा. १९९३ पासून ज्याचं दोन्हीतून भागत नाही त्याच्यासाठी सरकारी निधी. तो काही शुद्ध मुक्त बाजार नव्हे. तिथली बरीच मोठी रुग्णालयं सरकारी मालकीचीच आहेत. पण तिथल्या माणसाला हे पैसे आपले आहेत हे ठाऊक असतं, म्हणून तो विचारतो.

मग मला हवंय तरी काय? फार नाही. प्रत्येक नियोजित उपचाराचा सगळं धरून एक भाव, लेखी, आणि तोच भाव विमावाल्याला आणि बिनविमावाल्याला. (दरफलक लावायचा नियम महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. पण खाटेचं भाडं भिंतीवर लावून हर्नियाचा भाव कळत नाही.) औषधं आणि वस्तू कुठूनही आणायची मुभा. छोट्या खर्चासाठी स्वतःचं खातं आणि मोठ्या संकटासाठी स्वस्त विमा. डॉक्टर, नर्स, आरोग्यसेवक तयार करायची दारं सताड उघडी. आणि गरिबाच्या हातात अशी पत, की त्याला कोणी दारातून परत पाठवणार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, हे बरंच झालं. पण हप्ता स्वस्त झाला म्हणून ऑपरेशन स्वस्त होत नाही.

वादात जे बोललो नाही ते आता लिहितो. मावसभावाची परवानगी घेतली आहे.

माझी मोठी मावशी इस्लामपूरजवळच्या गावात राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला कोणीतरी सांगितलं होतं की शहरात एका डोळ्याला लाखभर घेतात. कोणी सांगितलं, कुठल्या रुग्णालयाबद्दल, कसलं भिंग, काही ठाऊक नाही. मुलांवर भार नको म्हणून ती तीन वर्षं "अजून दिसतंय की" म्हणत राहिली. पावसाळ्यात एका संध्याकाळी मागच्या दाराची पायरी तिला दिसली नाही. खुबा मोडला. रात्री अकराला सांगलीत ॲडमिट केलं. तेव्हा कोणी भाव विचारला नाही, विचारणार तरी कसा? बिल साडेतीन लाखांच्या वर गेलं. चार महिन्यांनी, अंथरुणावरच, ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी तालुक्याच्या गावातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. का केला, सांगता येत नाही. विचारलं, मोतीबिंदूचे किती घेता? ते म्हणाले, साध्या भिंगाचे अठरा हजार. मावशीच्या पासबुकात त्याच्या तिप्पट रक्कम होती. मामेबहीण म्हणेल, शिबिरात फुकट झालं असतं. झालं असतं. पण मावशी कोणाकडे फुकट मागणारी नव्हती. तिला फक्त एक खरा आकडा हवा होता, आणि तो तिच्यापर्यंत पोचेल अशी सोय आपण कोणी केली नाही. आतेभावाच्या संघटनेनेही नाही, मामेबहिणीच्या सरकारनेही नाही, आणि मीही तो फोन आधी केला नाही.

असो. बाबांचा दुसऱ्या बाजूचा हर्निया आता डोकं वर काढतोय. या वेळी पेठेतच जायचं ठरलंय. हे बाबांनीच ठरवलं. लेटरहेडवरचा जुना कागद त्यांनी जपून ठेवला होता. परवा स्वतः फोन करून विचारलं, "सत्तरचे किती झाले हो आता?"